सहल नव्हे, शिबिर!

सहल आणि शिबिर हे शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. सहलीत मुले पाहतात, खातात, भेंड्या लावतात नि परततात. शिबिरात मुक्काम असतो, कामे वाटून घ्यावी लागतात आणि पाहिलेल्या गोष्टीचे कारण शोधावे लागते. कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञाने १९४१ साली वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे तरुण खलाशांसाठी असे शिक्षण सुरू केले. जहाज बुडाले की मुरलेले खलाशी तग धरीत, तरुण मात्र हातपाय गाळीत. तेव्हा धीर हाही शिकविण्याचा विषय आहे, असा त्यामागे विचार होता.

आपल्याला वेल्सला जावयास नको. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की साखळी, म्हणजे गोव्याचा डिचोली तालुका. एका शालेय शिबिरात मदतनीस म्हणून मी तिकडे गेले होते. वाटेत मगरीच्या पाठीसारख्या भेगाळ सालीचे झाड दिसले. मराठी मुले म्हणाली ऐन, कन्नड मुले म्हणाली मत्ती. दोन्ही बरोबर!

जवळच हरवळ्याची लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली. ताजा खणलेला जांभा मऊ असतो, वारा-ऊन लागले की कठीण होतो. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पुढे विहिरी-झऱ्यांना मिळते. याच तालुक्यात लोखंडाच्या खाणी आहेत. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसावे लागते आणि आसपासच्या विहिरी आटतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबविले होते. पुढे नव्या पट्ट्यांवर ते पुन्हा सुरू झाले. खाणीवर रोजगारही असतो, हे मी वाणिज्य शाखेची म्हणून विसरत नाही. पण विहिरीचा तोटा कोणत्या ताळेबंदात लिहावयाचा, हे आमच्या पुस्तकात नाही.

पेडणे तालुक्यात मोरजीची वाळू हाच फळा. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री येथे येतात, खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात नि समुद्रात निघून जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघतात. वाळू अधिक तापलेली असली तर माद्या जास्त, थंड असली तर नर जास्त! पिल्ले उजेडाच्या रोखाने धावतात. पूर्वी तो उजेड समुद्राच्या क्षितिजाचाच असे, आता हॉटेलांच्या दिव्यांनी ती उलटी वळतात. म्हणून शिबिरात तेथे बॅटरी लावावयाची नाही, बोलावयाचे नाही. पन्नास मुले अंधारात गप्प बसणे ही गोष्ट दोरीवरून नदी ओलांडण्याहून अवघड आहे, हे मी खात्रीने सांगते.

आता पैशाचे. बसभाडे तीस मुलांना तेवढेच, पन्नासांनाही तेवढेच. म्हणून दोन शाळांनी मिळून बस भरली तर माणशी खर्च उतरतो. भांडी, सतरंज्या घरून आणाव्यात, स्वयंपाक पाळीने करावा. दोरखंड, तंबू, टोप्या यांचा थाट करणारी शिबिरे मला पटत नाहीत. त्यांची फी रिक्षावाल्याच्या मुलाला झेपत नाही.

मुलींचा प्रश्न निराळा. आमच्या गल्लीत "रात्रीचा मुक्काम" म्हटले की आई-बाबा तयार होत नाहीत. नुसत्या छापील परवानगीपत्राने काही होत नाही. बाईंनी घरी जाऊन मुक्कामाची जागा, न्हाणीघर, सोबत कोण, हे सांगितले की काहींचे मन वळते. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाईंना दोनदा यावे लागले. बहीण गेली.