आरसी कारची बॉडी तडकली? आधी फेव्हिक्विक बाजूला ठेवा!

हौशी आरसी कारची बॉडी बहुतेक वेळा पातळ, लवचिक पॉलिकार्बोनेटची असते. धडक बसली की ती वाकते. फेव्हिक्विक मात्र सुकून कडक होतं, त्यामुळे पुढच्याच धडकेत जोड सुटतो.

मग करायचं काय? चिरेच्या टोकाला २-३ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. तडकलेल्या बॉडीला आणखी भोक? हो! चीर पुढे सरकते ती टोकावर एकवटलेल्या ताणामुळे. गोल भोकाच्या कडेला हा ताण पसरतो.

आता आतली बाजू साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. ॲसिटोन अजिबात नको, प्लॅस्टिकच खराब होईल. जिप्सम बोर्डाच्या सांध्यांवर लावतात ती जाळीदार टेप आतून चिकटवा आणि वर ‘शू गू’सारखा बूट दुरुस्तीचा रबरी गोंद पसरवा. किमान एक दिवस सुकू द्या.

रंग आतून दिलेला असल्याने ठिगळ झाकलं जातं, चिरेची बारीक रेघ तेवढी दिसते.