लॉकडाऊनमध्ये कुणाची भूक वाढली, कुणाची मेली? जव्हार-मोखाड्याची कॉलेजची मुलं या हिशोबात का दिसत नाहीत?

२०२० चा एप्रिल आठवतोय? इन्स्टाग्रामवर डालगोना कॉफी, घराघरात केक आणि सगळ्यांचं एकच रडगाणं: दिवसभर नुसतं खातोय, वजन वाढलं.

त्याच महिन्यात मुंबईपासून जेमतेम चार तासांवर वेगळंच चित्र होतं. कॉलेज आणि होस्टेल बंद झाल्यामुळे जव्हार, मोखाडा तालुक्यातली मुलं आपापल्या पाड्यावर परतली होती. एकटेपणा त्यांनाही होता. पण घरात केकचा मैदा नव्हता.

मन बिघडलं की पोटात काय होतं?

आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे. घास घशाखाली उतरत नाही, पोटात गोळा येतो, भूक मरते. विज्ञानाचं म्हणणं थोडं पुढचं आहे. अचानक धक्का बसला की शरीर ‘पळा किंवा लढा’च्या तयारीत जातं, पचन मंदावतं, भूक जाते. पण ताण आठवडेच्या आठवडे रेंगाळला, तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक बऱ्याच जणांची भूक वाढवतं, त्यातही गोड आणि तळलेल्या पदार्थांची. यालाच इमोशनल ईटिंग म्हणतात.

इथे भावनिक बुद्धिमत्ता येते. ही कल्पना पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. आपल्याला नेमकं काय वाटतंय हे ओळखणं, समोरच्याचं ओळखणं आणि त्यानुसार वागणं, एवढाच तिचा गाभा. खाण्याशी तिचा संबंध सरळ आहे. हिल्डे ब्रूख या मनोविकारतज्ज्ञांनी त्याच्या बरंच आधी दाखवून दिलं होतं की काही माणसांना ‘मला भूक लागलीय’ आणि ‘मी अस्वस्थ आहे’ यातला फरकच कळत नाही. मग अस्वस्थ वाटलं की डबा उघडला जातो.

पण डब्यात काही नसेल तर?

लॉकडाऊनमधल्या खाण्यावर जगभर अभ्यास झाले. इटलीतल्या एका गाजलेल्या सर्वेक्षणात ३,५३३ जणांनी उत्तरं दिली. ४८.६ टक्के लोकांना आपलं वजन वाढल्यासारखं वाटलं. ३४.४ टक्के लोकांची भूक वाढली होती. बातम्या याच आकड्यांच्या झाल्या. भूक कमी झालेले १७.८ टक्के लोकही त्यातच होते, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

हे सर्वेक्षण गुगल फॉर्मवरून झालं होतं. लॉकडाऊनमध्ये दुसरा मार्गही नव्हता म्हणा. पण ज्याला मेसेज पाठवायला टेकडी चढावी लागते, तो असा फॉर्म कधी भरणार?

समजा, मोखाड्याच्या एका पाड्यावरची टीवायबीएची मुलगी आहे. या भागात दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टी किंवा बांधकामावर भिवंडी, वसई, ठाण्याकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या मजुरीवर पुढचे चार महिने निघतात. २५ मार्चला देश बंद झाला आणि कमाईचे शेवटचे दोन महिने गेले. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य मिळालं, त्याने भाताची सोय झाली. पावसात शेवळं, करटोली अशा रानभाज्या मिळतात. पण नवी नागली आणि वरई हाती यायला दिवाळी उजाडते. सरकारने २०२० मध्ये जाहीर केलेली खावटी, म्हणजे कुटुंबामागे ४ हजार रुपये, अर्धे खात्यात आणि अर्ध्याचं धान्य-सामान, प्रत्यक्षात वाटली गेली २०२१ मध्ये.

आणि याच पावसाळ्यात तिच्या परीक्षेचं भिजत घोंगडं पडलेलं. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं परीक्षा नाही, जुलैत यूजीसी म्हणाली होणार, २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाने ती ऑनलाइन घेतली. रेंज नसलेल्या पाड्यावर.

अशी मुलगी रात्री म्हणते, “भूक नाही मला.” याचा अर्थ काय लावायचा? कदाचित ताणाने खरंच भूक मेली असेल. कदाचित भूक आहे, पण आईचा चेहरा आणि तांदळाचा डबा दोन्ही तिने पाहिलेत, धाकटा भाऊ अजून जेवायचाय. समोरच्याचं मन इतकं अचूक वाचणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ताच की! मात्र ‘उदास असताना तुम्ही जास्त खाता का?’ या प्रश्नाला ती ‘कधीच नाही’ असं उत्तर देईल. म्हणजे कागदावर ती अगदी निरोगी.

वजनकाटा कुणासाठी?

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकांचे मृत्यू झाले आणि हा भाग राज्याला माहीत झाला. तेव्हापासून इथल्या अन्नाची चर्चा होते ती मुख्यतः लहान मुलं आणि गरोदर मातांची. ते योग्यच आहे. अंगणवाडीचा काटा सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना तोलतो, शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या जेवणाची थोडीफार हमी होती ती आदिवासी विकास विभागाच्या होस्टेलमध्ये, आणि मार्चमध्ये तीच बंद झाली. इकडे मानसशास्त्राच्या फॉर्मपर्यंत तो पोचला नाही, तिकडे पोषणाच्या वहीत त्याचा रकाना नाही.

माझ्या मते खरी गडबड आपल्या प्रश्नात आहे. शहरातल्या मुलाला “जास्त खातोयस का?” असं विचारलं की बरंच कळतं. इथे विचारायला हवं ते असं: काल शेवटचं कधी जेवलीस? सगळ्यांबरोबर बसलीस की नंतर? जेवावंसं वाटत नव्हतं, की नको म्हणालीस? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तर पुढे धान्य लागणार की समुपदेशन, की दोन्ही, हे तरी ठरवता येईल.

समुपदेशनासाठी शिक्षण मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘मनोदर्पण’ सुरू केलं. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइनही आहे, मराठीतही बोलता येतं. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, साधा फोन चालतो. टॉवर मात्र हवा.