उपग्रहांची बाळबोध नोंदवही

झाशीजवळील बरुआसागरच्या तलावाकाठी सायंकाळी आकाशात सरकणारा प्रकाशबिंदू दिसला, तर तो उपग्रह कोणाचा व कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक होय. अमेरिकेतील ‘युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स’ या संस्थेने २००५ पासून कार्यरत उपग्रहांची सूची विनामूल्य प्रसिद्ध केली. मे २०२३ च्या आवृत्तीत साडेसात हजारांहून अधिक नोंदी आहेत. सूची दोन रूपांत दिली गेली: एक्सेलचा तक्ता आणि साधा मजकूर.

साध्या मजकुरात प्रत्येक उपग्रहास एक ओळ असते व रकाने ‘टॅब’ या चिन्हाने विलग होतात. स्वल्पविराम शेऱ्यांतही येत असल्याने त्याने रकाने विस्कळीत होण्याचे भय असते. या रूपात रंग व सजावट गळून पडते. परंतु विकत घेतलेल्या प्रणालीवाचूनही, कोणत्याही संगणकावर ते वाचता येते. मराठेशाहीच्या दफ्तरांतील मोडी लिहिणाऱ्याच्या सोयीची होती. आज ती जाणकारापुरतीच उरली आहे. बाळबोध मात्र सर्वांस खुली राहिली.

तथापि लिपी सुगम झाली म्हणजे अर्थ सुगम झाला, असे नव्हे. उंची किलोमीटरांत, परिभ्रमणकाळ मिनिटांत, हे सांगणारी शीर्षके निसटली की आकडे मुके होतात. म्हणून सूचीबरोबर तिची किल्लीही वाटली पाहिजे.