कोलंबिया नदीवरील पूल आणि जनतेच्या हरकती
अमेरिकेतील पोर्टलंड आणि वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूवर या शहरांना जोडणारा, ज्याचा पहिला भाग १९१७ साली व जोडपूल १९५८ साली उभा राहिला, आणि जो आजही नदीपात्रात ठोकलेल्या लाकडी मेढींवर तोलून आहे, तो पूल भूकंपात टिकणे कठीण, हे बहुतेकांस मान्य आहे. वाद पेटतो तो त्याच्या जागी योजलेल्या नव्या पुलावरील हलक्या रेल्वेवरून. व्हँकूवर ज्यात मोडते त्या क्लार्क परगण्याच्या मतदारांनी २०१२ साली तिच्यासाठीचा विक्रीकर फेटाळला आणि पुढील वर्षी वॉशिंग्टन राज्याच्या सिनेटने निधी न दिल्याने तेव्हाची पुलाची योजनाच बारगळली. नव्या योजनेच्या पर्यावरणविषयक मसुद्यावर सप्टेंबर २०२४ पासून साठ दिवस हरकती व सूचना मागविल्या गेल्या. जहाजासाठी पुलाचा एक गाळा वर उचलला जात असता मोटारींच्या रांगेत तिष्ठणाऱ्या सामान्य रहिवाशाचे गाऱ्हाणेही त्यामुळे सरकारी दप्तरी दाखल होऊ शकले, ही मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.