हिशेब जुळतो, पण कशातून?

1971 साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा आपला अभ्यास पुस्तकरूपाने मांडला. गरीब कोणाला म्हणायचे, या प्रश्नाला त्यांनी अन्नाची कसोटी लावली. माणशी रोज 2,250 कॅलरी मिळतील एवढा खर्च ज्या घराला झेपत नाही, ते घर गरीब. 1960-61 च्या आकडेवारीला ही कसोटी लावल्यावर ग्रामीण भागातले सुमारे 40 टक्के आणि शहरांतले सुमारे 50 टक्के लोक रेषेखाली आले. पुढे 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यदलाने गावांसाठी 2,400 आणि शहरांसाठी 2,100 कॅलरी हे प्रमाण धरले आणि दारिद्र्यरेषा एका अर्थाने पोटातून जाऊ लागली.

या मांडणीला सर्वांत धारदार हरकत पुण्यातूनच आली. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्रात जगभर नाव मिळवलेल्या या माणसाने रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत जवळजवळ दोन दशके काढली आणि निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले. त्यांचे म्हणणे असे होते की माणसाची ऊर्जेची गरज हा ठरलेला आकडा नाहीच. एकच निरोगी माणूस, वजन तेच, काम तेच, तरी आठवड्यागणिक कमीजास्त खातो आणि त्याचे शरीर त्याप्रमाणे खर्च कमीजास्त करते. हे आपोआप नियंत्रण काही मर्यादेत चालते. त्यामुळे सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी आहे असे धरणे चूक आहे. कसोटी लावायचीच तर ती या मर्यादेच्या तळाशी, सरासरीच्या सुमारे 70 टक्क्यांवर लावावी. तसे केले की उपाशी माणसांची संख्या एकदम खाली येत होती. 1982 मध्ये शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी हा सिद्धांत अमेरिकी पोषण-नियतकालिकात मांडला. दांडेकरांनी त्याला ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधून उत्तर दिले आणि वाद बरीच वर्षे पेटत राहिला.

मला हा वाद फार मोलाचा वाटतो. शरीर आवक आणि खर्च यांचा मेळ कसा घालते, हा शरीरशास्त्रातला प्रश्न आहे. पण इथे त्याच्या उत्तरावर कोट्यवधी माणसांचे रेशन अवलंबून होते. गेल्या चाळीस वर्षांत त्या उत्तराबद्दल पुष्कळ नवे हाती लागले आहे.

आवक-खर्चाचा हिशेब मुळात जुळतो, हे तरी कशावरून? लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1780 च्या दशकात पॅरिसमध्ये गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले, किती बर्फ वितळला ते मोजले आणि श्वासोच्छ्वास हे संथ ज्वलन आहे असे दाखवले. शंभर वर्षांनी अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस दिवसचे दिवस राहू शकेल एवढी बंद खोली उभारली. आत जाणारे अन्न आणि बाहेर येणारी उष्णता यांचा मेळ अगदी थोड्या फरकाने बसला. आज बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या कॅलरी त्यांच्याच कामातून आलेल्या गुणकांनी काढतात: पिष्ट आणि प्रथिनांच्या ग्रॅमला 4, स्निग्धाच्या ग्रॅमला 9.

ऊर्जा नाहीशी होत नाही, हे खरे. पण त्यावरून माणसाचे वजन का बदलते ते कळत नाही. रोज 2,200 कॅलरी खाणारा माणूस वर्षाला आठ लाख कॅलरी खातो. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. म्हणजे वर्षभरात वजन एक किलोने वाढले तरी चूक एक टक्क्याचीच झाली, दिवसाला पोळीच्या पाव तुकड्याएवढी. कोणीही मोजून इतके अचूक जेवू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे काहीही न मोजता वर्षानुवर्षे जवळपास त्याच वजनावर राहिली, याचे श्रेय इच्छाशक्तीला देता येणार नाही.

खर्चाची विभागणी पाहिली की आणखी एक गैरसमज गळून पडतो. बैठे काम करणाऱ्याच्या एकूण खर्चातला साठ-सत्तर टक्के भाग नुसते पडून राहण्यावर जातो: हृदय, यकृत, मूत्रपिंडे, मेंदू. शरीराच्या वजनात दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या खर्चातला पाचवा हिस्सा घेतो. खाल्लेले पचवण्यात सुमारे दहा टक्के जातात. उरलेले हालचालीचे, आणि त्यातही मुद्दाम केलेल्या व्यायामाचा वाटा बहुतेकांच्या बाबतीत लहानच. फराळाच्या चार करंज्या दुसऱ्या दिवशी चालून ‘जाळायच्या’ असे आपण म्हणतो. पण शरीर एका दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मिटवत नाही. 1955 मध्ये एडहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश सैनिकी छात्रांचे खाणे आणि श्रम मोजले, तेव्हा ज्या दिवशी श्रम जास्त त्या दिवशी खाणे जास्त, असा मेळ दिसलाच नाही. सुखात्म्यांचा भर अशाच निरीक्षणांवर होता.

मग मेळ घालते कोण? याचा मोठा धागा 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात हाती लागला. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांच्या एका वाणात बिघडलेले जनुक शोधले. ते जनुक चरबीच्या पेशींकडून एक संप्रेरक तयार करवते, त्याचे नाव लेप्टिन. चरबी किती शिल्लक आहे हा निरोप लेप्टिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत नेते. 1997 मध्ये ब्रिटनमध्ये जन्मतः लेप्टिन नसलेली दोन मुले सापडली. त्यांची भूक कशानेच शमत नव्हती. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर ती ताळ्यावर आली. साऱ्या जगाला लठ्ठपणाचे औषध मिळाल्यासारखे वाटले, पण आशा फोल ठरली. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते. साठा घटला की ते मोठ्याने ओरडते, साठा वाढला की फारसे बोलत नाही. दुष्काळात तगलेल्या पूर्वजांच्या शरीराला टंचाईची भीती होती. सुबत्तेची भीती बाळगण्याचे कारण त्यांना क्वचितच पडले.

सुबत्तेतही माणसामाणसात फरक पडतोच. 1999 मध्ये जेम्स लेव्हिन यांनी 16 जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा 1,000 कॅलरी जास्त खायला घातल्या. कोणाच्या अंगी जेमतेम तिसरा हिस्सा किलो चरबी चढली, कोणाच्या अंगी चार किलोंहून अधिक. ज्यांना कमी चढली ती माणसे नकळत जास्त हलू लागली होती: उठबस, येरझाऱ्या, चुळबुळ.

टंचाईचा सर्वांत सखोल अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात झाला. अॅन्सेल कीज यांनी 36 तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे निम्म्या आहारावर ठेवले. सैन्यात जायला सद्सद्विवेकाने नकार दिलेली ही माणसे. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपाला पुन्हा कसे खाऊ घालायचे हे कळावे म्हणून त्यांनी उपाशी राहणे पत्करले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांश घटले आणि विश्रांतीच्या वेळची ऊर्जेची गरज जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरली. काही काळाने वजन घटणे मंदावले, म्हणजे हिशेब पुन्हा जुळत आला. पण या माणसांची नाडी मंद झाली होती, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजत होती. जिना चढवेना, कामवासना विझली, मन अन्नाखेरीज कशात रमेना. काहींनी पाककृतींची पुस्तके वाचायला घेतली. भरपूर जेवण सुरू झाल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागाहून.

सुखात्म्यांच्या सिद्धांतातली गाळलेली जागा मला इथेच दिसते. शरीर जुळवून घेते, पण कशात कपात करून?

अलीकडच्या संशोधनाने हा प्रश्न आणखी टोकदार केला आहे. खास समस्थानिके असलेले पाणी पाजून, पुढे काही दिवस लघवीचे नमुने तपासून, माणूस त्याच्या नेहमीच्या आयुष्यात किती ऊर्जा खर्चतो ते आता नेमके मोजता येते. हर्मन पॉन्टझर यांनी ही पद्धत उत्तर टांझानियातल्या हाडझा लोकांवर वापरली. हे लोक शिकार आणि कंदमुळांवर जगतात, दिवसभर पायपीट करतात. 2012 मध्ये निष्कर्ष आले: शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा रोजचा एकूण खर्च अमेरिकेतल्या बैठ्या माणसाएवढाच आहे. पॉन्टझर याचा अर्थ असा लावतात की श्रम वाढले की शरीर इतर खाती आवळते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या शुआर मुलांमध्ये तर सहकाऱ्यांना हेही दिसले, की प्रतिकारशक्ती संसर्गाशी झुंजत असते तेव्हा मुलाची उंची वाढण्याचा वेग मंदावतो.

यावरून सुखात्म्यांना अर्धे श्रेय द्यावे लागते, आणि ते मनापासून द्यायला हवे. गरज हा स्थिर आकडा नाही, हे त्यांनी ओळखले. खराब पाण्याने आणि आतड्यातल्या संसर्गाने अन्न वाया जाते, म्हणून स्वच्छ पाणी आणि स्वच्छता यांवर खर्च करा, हेही ते सांगत राहिले. पण जुळवून घेतलेले शरीर निरोगी असते, हा त्यांच्या मांडणीतून निघणारा अर्थ टिकला नाही. पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी ‘लहान पण निरोगी’ या कल्पनेवर त्या काळातच कडाडून टीका केली होती. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात प्रकाश शेट्टी आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ कुपोषित मजुरांची मोजमापे घेतली. त्यांची विश्रांतीतली ऊर्जा कमी होती, पण ती शरीरच लहान आणि स्नायू कमी असल्यामुळे. कमी इंधनात तेवढेच काम करणारे वेगळे शरीर त्यांना मिळालेले नव्हते. बीडहून साखर कारखान्याच्या फडावर येणारी बाई पहाटे कोयता घेते आणि मोळ्या डोक्यावर वाहते. तिला कमी पडलेले अन्न कोठून तरी भरून काढले जातेच. दांडेकरांचा आकडा ढोबळ होता, पण त्याने चूक केलीच तर ती या बाईच्या बाजूने केली असती.

शहरातल्या सुस्थित माणसाची अडचण वेगळी, यंत्रणा तीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 2019 मध्ये 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. पुढ्यातल्या कॅलरी, साखर, तंतू, मीठ सारखे, हवे तेवढे खायची मुभा. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांचा परिणामही मुख्यतः भुकेवर होतो, जाळण्यावर नाही. वाढत्या पोटाचे खापर आळसावर फोडणे सोपे आहे, पण पुरावा ताटाकडे बोट दाखवतो.

पुण्यात ही दोन्ही टोके एकाच शरीरात भेटलेली दिसली. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या स्त्रियांचा गरोदरपणाआधीपासून पाठपुरावा केला. या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे 42 किलो. गरोदरपणात त्या दिवसाला जेमतेम 1,750 कॅलरी खात होत्या आणि शेतात, घरात राबत होत्या. मुदतीने जन्मलेली त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची होती, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली 3.5 किलोची. पण कपात सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली होती. गर्भाने आपला हिशेब असा जुळवला होता. रोडक्या दिसणाऱ्या भारतीय शरीरात मधुमेह लवकर का शिरतो, याची एक वाट इथून जाते. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय 22.3. युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट नियोजनाच्या फायलीत जायला हवी होती. आईने किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध सापडला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचा सापडला, आणि तिच्या श्रमांचाही: जिच्यावर कामाचा भार जास्त, तिचे बाळ लहान. गरोदर बाईला रेशनचे धान्य देऊन डोक्यावरचा हंडा आणि शेतातली निंदणी तशीच ठेवली, तर आपण हिशेबाची एकच बाजू हाताळतो. धान्य हवेच. पण पाणी दारात येणे, सातव्या महिन्यानंतर मजुरी बुडाल्याची भरपाई मिळणे आणि ताटात मेथी-राजगिरा पडणे, हीही पोषणाचीच कामे आहेत. ती आरोग्य खात्याची की रोजगार हमीची, यावर ती अडून राहू नयेत.

त्या गावांतली मुले आता तरुण झाली आहेत. अठराव्या वर्षी तपासणी झाली तेव्हा त्यांतले बहुतेक सडपातळच होते, तरी अनेकांच्या रक्तातली साखर मधुमेहपूर्व पातळीला पोचलेली होती. ही मुले किशोरवयात असतानाच, 2012 पासून, त्यांना ब-12 जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग याज्ञिकांच्या गटाने हाती घेतला होता. त्यांतल्या मुली आई झाल्यावर त्यांच्या बाळांच्या जडणघडणीत काही फरक पडतो का, हे त्यातून पाहायचे होते.