रोबो न पाहिलेला वाचक

रोबोला सांगितलं होतं ६० सेंटिमीटर पुढे जा. तो गेला जवळजवळ दीड मीटर. अशा वेळी मुलं आधी चाकं तपासतात, मग वायरी, मग एकमेकांवर चिडतात. चूक पुष्कळदा एका आकड्यात दडलेली असते: १४४०.

'फर्स्ट टेक चॅलेंज' ही शाळकरी मुलांची रोबो स्पर्धा. भारतात पुण्यात तिच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत. १२ फुटी चौरस मैदान, अडीच मिनिटांचा सामना आणि त्यातले पहिले ३० सेकंद रोबो स्वतःच्या बुद्धीवर, म्हणजे मुलांनी बहुधा जावा भाषेत लिहिलेल्या कोडवर चालतो. आयोजकांच्या एका नमुना प्रोग्रॅममध्ये मोटरच्या एका फेरीला एन्कोडरचे (फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरचे) १४४० ठोके आणि ४ इंची चाक धरलेलं आहे. हा हिशेब टेट्रिक्स मोटरचा. आज बऱ्याच टीम वापरतात ती गोबिल्डाची ३१२ आरपीएमची मोटर फेरीला ५३७.७ ठोके मोजते आणि चाक असतं ९६ मिलिमीटरचं. नमुना कॉपी केला, आकडे तसेच राहिले, की रोबो अडीचपट लांब पळणारच.

आता समजा, जयपूरच्या एखाद्या शाळेतल्या टीमने हा प्रकल्प एआय एजंटला तपासायला दिला. एजंट मात्र पहिल्याच पायरीवर अडखळतो. कारण प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये मुलांचा कोड थोडा आणि स्पर्धेकडून आलेला कोड डोंगराएवढा. नमुन्यांच्याच कित्येक फाइली. एजंट सगळं एका दमात वाचतो आणि मुलांनी कधी उघडूनही न पाहिलेल्या फाइलीतल्या त्रुटी त्यांच्या नावावर मांडतो. वर भाषा इतकी ठाम, की नववीतलं पोर मान डोलावतं.

एजंट आणि कोड यांच्यामध्ये एक टूल लागतं ते इथे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' खुला केल्यापासून अशी टूलं एजंटला जोडायची एक सामाईक रीत मिळाली. टूलचं काम तसं कारकुनी आहे. 'टीमकोड' फोल्डर म्हणजे मुलांचं, बाकीचं स्पर्धेचं, ही फाळणी आधी करायची. 'डिसेबल्ड' अशी खूण असलेले प्रोग्रॅम बाजूला ठेवायचे. कोणता प्रोग्रॅम कोणती मोटर कोणत्या नावाने मागतो याची यादी काढायची. मग एजंटने 'अंतराचा हिशेब कुठे आहे?' असं विचारलं, की अख्खा ढीग न देता फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक आणि तेवढाच तुकडा द्यायचा. एजंटचं प्रत्येक विधान अशा एखाद्या ओळीला बांधता येतं, आणि जे बांधता येत नाही त्याला अंदाज म्हणायचं. मला या टूलची खरी किंमत या शिस्तीत दिसते. वेगबिग सगळं नंतर.

तरीही १४४० चूक आहे हे फक्त कोड वाचून ठरत नाही. टेट्रिक्स मोटर लावली असेल तर तो आकडा बरोबरच. मोटरवरचं लेबल फाइलीत नसतं. तसंच मोटरच्या नावाचं. कोडमध्ये 'लेफ्ट ड्राइव्ह' लिहिलं आणि रोबोवरच्या कंट्रोल हबमध्ये दुसरंच काही नोंदवलं, तर प्रोग्रॅम सुरू होतानाच अडतो. ही नोंदणी हबमध्ये असते, मुलांच्या कोडमध्ये नाही. शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये मुलं बहुतेक आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर शिकतात. तिथे कोड छोटा, पण अडचण तीच: प्रोग्रॅम म्हणतो ९ नंबरची पिन, आणि वायर खोचलेली १० मध्ये.

लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं यांतलं हे अंतर जयपूरला नवं नाही. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे मराठी पंडित होते. टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. ग्रंथ असा हाताशी होता, पण वेध घ्यायची पितळेची यंत्रं लहान, त्यांचे आस झिजतात, ही जयसिंहाची तक्रार, म्हणून जंतरमंतर या वेधशाळेची यंत्रं चुन्या-दगडांत उभी राहिली. तिथल्या बृहत्सम्राट यंत्रावर, म्हणजे भव्य सूर्यघड्याळावर, दोन-दोन सेकंदांच्या खुणा कोरल्या आहेत आणि सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. पण सूर्य हा बिंदू नव्हे, तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट पडते, काही सेंटिमीटरपर्यंत, आणि दोन सेकंद नेमके वाचायला निरीक्षकाला युक्ती लढवावी लागते. जयसिंहाने दिल्ली, मथुरा, उज्जैन, काशी इथेही वेधशाळा बांधल्या, त्या एकीचं वाचन दुसरीशी ताडून पाहता यावं म्हणूनही.

परत मुलांच्या टूलकडे: त्याला कोड बदलण्याची परवानगी द्यावी का? मी देणार नाही, निदान शाळेत तरी. या स्पर्धेत परीक्षक टीमची मुलाखत घेतात. आकडा एजंटने परस्पर बदलला असेल तर ‘५३७.७ कुठून आलं?’ या प्रश्नावर मुलं काय सांगणार? त्यापेक्षा टूलने ओळ दाखवावी आणि विचारावं: तुमच्या मोटरवर काय छापलंय?

एक दुखणं मात्र ओळ दाखवूनही सापडत नाही. काही टीम ठोके न मोजता 'दोन सेकंद मोटर चालव' असं लिहितात. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की १३ च्या वर जाते, रोबो जोरात निघतो. दुपारपर्यंत तीच बॅटरी उतरते आणि रोबो मधेच थांबतो. कोड सकाळी होता तोच. पण हबला व्होल्टेज वाचता येतं. दर सामन्याला ते लॉगमध्ये लिहिणाऱ्या चार ओळी मुलांनी घातल्या, तर टूल तो लॉगही एजंटपुढे ठेवू शकतं, आणि सकाळ-दुपारचा फरक आकड्यांत दिसतो.