रुंद टायरची हौस

झाशीच्या सीपरी बाजारात आमची गाडी वळली आणि मागच्या चाकाकडून ‘खर्रर्र’ असा आवाज आला. गाडीत आम्ही पाच जण, शिवाय लग्नाची खरेदी. आठवड्यापूर्वीच भाच्याने हौसेने रुंद टायर आणि नवे रिम घातले होते. एकटा फिरत होता तोवर काही जाणवले नाही. भार पडला, गाडी खाली बसली आणि टायर मडगार्डच्या आतल्या किनारीला घासू लागला. उतरून पाहिले, तर रबरावर बोटभर लांब चर पडली होती.

“मावशी, डेंटर म्हणतो, किनार दुमडून देतो. तासाभराचं काम!” भाचा म्हणाला.

काम दिसते तितके सोपे नाही. मूळ टायर १६५/८० आर १४ होता, म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर. नवा १९५/७० आर १४. रुंदी ३० मिलिमीटरने वाढली आणि व्यासही सुमारे ९ मिलिमीटरने. त्यात रिम बाहेर आलेले.

किनार दुमडताना पत्र्याला आधी गरम हवा द्यावी लागते. नाहीतर रंग तडकतो, तिथे पाणी मुरते आणि गंज धरतो. पुढचे मडगार्ड बोल्टवर असते, बिघडले तर बदलता येते. मागचे मात्र बहुतेक गाड्यांत सांगाड्यालाच जोडलेले. तिथे दोन पत्रे एकत्र वेल्ड केलेले असतात. ते कापले, तर मजबुतीलाच धक्का बसतो.

कायद्याचीही बाजू आहे. कंपनीच्या मूळ रचनेत नियमबाह्य बदल करता येत नाही, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीने हरकत घेतली, तर ती डोकेदुखी वेगळीच!

हौस पुरवायचीच, तर त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी कोणता टायर देते, ते आधी विचारा. तो बहुधा मडगार्डला हात न लावता बसतो. तरीही खात्री हवी असेल, तर घरच्या कणकेचा गोळा मडगार्डच्या आत चिकटवा, माणसे बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि खड्ड्यातून हळूच एक फेरी मारा. टायर लागत असेल, तर कणकेवर ठसा उमटतो. भाच्याला हा प्रयोग फारच गमतीचा वाटला, पण ताईने कणीक द्यायला साफ नकार दिला. शेवटी मुलांची खेळायची माती वापरली. चारांपैकी तीन ठसे उमटले!

जुने टायर सुदैवाने गच्चीवरच होते. त्यांच्यावर ताईने तुळशीच्या कुंड्या मांडल्या होत्या, त्या आधी उतरवाव्या लागल्या.